दोन उंद्री आणि चार तारा

उंद्री म्हटलं की पुण्यातल्या नोकरदार पब्लिकच्या डोळ्यांसमोर काय येतं? एनआयबीएम रोड, टू-बीएचके, ईएमआय आणि संध्याकाळी साडेसहाचं ट्रॅफिक. बरोबर ना? पण बॉस, नकाशावर आणखी एक उंद्री आहे. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात, चिखली-खामगाव रस्त्यावर, अमडापूरच्या जवळ. पुण्याची उंद्री २०१७ साली महापालिकेत गेली. बुलढाण्याची उंद्री अजून पक्कं गाव आहे. तिथेही साडेसहाला ट्रॅफिक होतं, पण ते रानातून परतणाऱ्या गुरांचं.

या दोन्ही उंद्रींशी नातं असलेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. फ्लॅट पुण्याच्या उंद्रीत, आजोळ बुलढाण्याच्या उंद्रीत. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, बायको, एक मुलगी, एक कार. आणि गेली वीस वर्षं हा माणूस बेस गिटार वाजवतोय. पैशासाठी नाही, नावासाठी नाही. निव्वळ हौस. 'नाव छापू नकोस, ऑफिसात पोरं पिडतील,' अशी त्याची अट आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, इथेही दादाच म्हणू या.

दिवाळीनंतरच्या एका वीकएंडला दादाचा फोन आला. 'उंद्रीला चाललोय, येतोस?' मी म्हटलं, तू उंद्रीतच तर राहतोस. तो म्हणाला, 'दुसऱ्या.' गाडीत मागच्या सीटवर बेस गिटार होती आणि तिचा फोटो आदल्याच आठवड्यात सेकंडहँड वस्तूंच्या साइटवर चढला होता. विकायला!

चार तारांचा माणूस

आधी थोडा बेसिक फंडा. बेस गिटार म्हणजे ती चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. स्टेजवर ती वाजवणारा ड्रमच्या बाजूला शांतपणे उभा असतो आणि फोटोत त्याचा अर्धाच चेहरा येतो. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांना जे सूर असतात, तेच हिच्या तारांना, फक्त एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हलते. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण २०. म्हणजे बेस हा ऐकण्याइतकाच छातीत जाणवण्याचा आवाज.

हे वाद्य लोकप्रिय केलं अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हिशेबनिसाची नोकरी करून ते रेडिओ दुरुस्तीकडे वळलेले. त्याआधी बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं धरायचं 'डबल बेस'. न्यायचं कसं हा प्रश्न आणि ब्रास बँडच्या गदारोळात ते ऐकूच येत नाही हा दुसरा. फेंडर यांनी त्याची आडवी गिटार केली, मानेवर पट्ट्या बसवल्या, म्हणजे बोट ठेवलं की सूर नेमका लागणार. म्हणून नाव 'प्रिसिजन बेस'.

पण हे वाद्य वाजवणाऱ्यांच्या नशिबी अंधारच. मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य हिट गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बेस आहे. एका बोटाने वाजवायचे. पण रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव नीट छापून यायला १९७१ उजाडलं. आपल्याकडेही तेच. राहुलदेव बर्मन यांची गाणी आपण कार्यक्रमांतून, कारमधून, कराओकेतून अजून पिळून काढतो. पण त्यांच्या ताफ्यात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? गायक, गीतकार, संगीतकार, झालंच तर हीरो. यादी तिथेच संपायची.

आता चित्र थोडं बदललंय. 'इंडियन ओशन'चा राहुल राम बेस वाजवतो आणि गातोही. हा गडी पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर अमेरिकेत पीएचडी करून आलेला, नर्मदा आंदोलनात राहिलेला आणि मग बँडमध्ये रमलेला. मुंबईची मोहिनी डे तर जगभर स्टेज गाजवते, तिचे वडील सुजॉय डे हेही बेसवादक. पण हे झाले स्टार लोक. दादासारखे जे हजारो आहेत, त्यांचं काय?

दादाची स्टोरी सांगायची तर दोन ओळींची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी होस्टेलमध्ये बँड जमला, गिटारवाले तीन निघाले, चिठ्ठ्या टाकल्या, दादाच्या वाट्याला बेस आला. पहिला बेस कलकत्त्याचा, सेकंडहँड. मग नोकरी, मग ऑफिसचा बँड, ॲन्युअल डे, सोसायटीचा गणपती, दोन-तीन कॅफे, एक लग्न. वीस वर्षांत चार बँड जमले, चार मोडले. शेवटचा मोडला तो ड्रमर कॅनडाला गेला म्हणून.

आणि इथेच बेसवाल्याची खरी गोची आहे. गिटारवाला एकटा गच्चीत बसून गाणं म्हणू शकतो. कीबोर्डवाला तर एकटाच अख्खा ऑर्केस्ट्रा. बेसवाला एकटा बसला की नुसतं डुगडुग. त्यात फ्लॅटच्या भिंती. ४१ हर्ट्झच्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते, ती दारं-खिडक्या जुमानत नाही. शेजाऱ्यांना गाणं ऐकू जात नाही, नुसती धपधप पोचते. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडले. दादाने हेडफोन लावले. मग हेडफोन लावूनही वाजवेनासा झाला. 'कुणासाठी वाजवू?' इतकंच म्हणाला.

घाटावरचं गाव

पुण्याहून बुलढाण्याची उंद्री साधारण चारशे किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर, जालना, देऊळगाव राजा, देऊळगाव मही, चिखली. जालना सोडलं की मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. रस्त्यावरच्या पाटीपेक्षा हे चहाच्या टपरीवर जास्त कळतं. 'मला' जाऊन 'मले' येतं, 'कशाला'चं 'कायले' होतं आणि कुणीही कुणालाही 'बाप्पा' म्हणतं.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा दुभंगलाय. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे वरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव खालचे. रेल्वेही खालीच. खामगावला जलंबहून जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा येतो आणि तिथेच थांबतो. तिथून घाट चढून चिखलीवरून जालन्याला रूळ न्यावेत ही मागणी शंभर वर्षांहून जुनी. ती गाडी काही अजून धावलेली नाही. त्यामुळे घाटावरच्या माणसाची भिस्त आजही एसटी, जीप आणि मोटरसायकल यांच्यावरच.

नोव्हेंबरात हा भाग देखणा दिसतो. सोयाबीन निघून गेलेलं, कपाशी बोंडं फोडून पांढरी झालेली, तूर कमरेच्या वर आणि रिकाम्या काळ्या रानात हरभरा नुकता उगवलेला. उंद्रीत शिरताना दादाने काच खाली केली. मामीने चहाआधी ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढे केला. मामांनी मागच्या सीटवरची काळी बॅग बघून विचारलं, 'हे काय आणलं बाप्पा, बंदूक?'

कणकेचा गोळा

मामा शेतकरी. वय सत्तरीच्या आसपास. चाळीस वर्षं गावच्या भजनात मृदंग वाजवतात. पैसे? छे. नारळ-सुपारी, एकादशीचा फराळ आणि सप्ताहात काल्याचा प्रसाद.

बॅगेतून बेस निघाला. मामांनी तो हातात घेतला नाही, आधी नुसता बघितला. मग जाड तार अंगठ्याने ओढली. वायर न जोडताही एक खोल, दबका आवाज आला. मामा उठले, आत गेले आणि मृदंग घेऊन आले. पाठोपाठ मामीकडून भिजवलेल्या कणकेचा गोळा.

पखवाज किंवा मृदंग पाहिलाय सगळ्यांनी, पण हा फंडा मलाही माहीत नव्हता. मृदंगाच्या उजव्या तोंडाला कायमची काळी शाई असते. डावं तोंड मोठं, त्याच्यावर वाजवण्याआधी दरवेळी ओल्या कणकेचा गोळा थापतात. वजन वाढलं की कातडं सावकाश हलतं आणि सूर खाली उतरतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर मुका. वाळायला लागली की पाण्याचा हात फिरवायचा. वाजवून झालं की खरवडून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

दादा बघतच राहिला. कारण बेसच्या तारेतही हेच केलेलं असतं. आत बारीक पोलादी तार, तिच्यावर दुसरी तार गुंडाळून गुंडाळून वजन वाढवलेलं, म्हणजे ती हळू हलेल. एक कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्तीवाला, एक घाटावरचा शेतकरी, आणि दोघांचं उत्तर एकच. खालचा सूर पाहिजे तर वजन लावा.

रात्री जेवणं उरकल्यावर मंदिरात भजन होतं. 'घे तुझी बंदूक,' मामा म्हणाले. दादा आधी टाळाटाळ करत होता, पण निघाला. मंदिरातल्या पोरांनी उत्साहाने बेसची वायर थेट भोंग्याच्या मशीनला लावली आणि जो आवाज आला तो म्हणजे टक्, टक्, टक्. सुतारपक्षीच! अहो, भोंगा बनलाय शब्द लांब पोचवायला. खालचा सूर त्यातून निघतच नाही. तुमच्या मोबाइलच्या स्पीकरचंही तेच आहे. त्यातही अगदी खालचा बेस जवळजवळ नसतोच, वरचे स्वर ऐकून मेंदू उरलेला स्वतःच भरून घेतो. शेवटी दादाने गाडीतला छोटा प्रॅक्टिस ॲम्प आणला. खांबाशी टेकवला, आवाज अगदी बारीक ठेवला.

पहिल्या अभंगात दादाने काय काय वाजवलं! खाली-वर, मधल्या गाळलेल्या जागा, कॅफेत टाळ्या मिळवणारी सगळी कामगत. मृदंगाला तो आडवा जातोय हे मलाही कळत होतं. अभंग संपल्यावर मामा हळूच म्हणाले, 'मधी मधी कायले बोलतं? टाळायले वाट दे.' दुसऱ्या अभंगाला दादाने एकच सूर धरला. पेटीचा सा जिथे होता तिथला, खालचा. सम आली की एक, मध्ये एक. बस्स. तिसऱ्या कडव्याला टाळ चढले, तेव्हा कुणी बेसकडे बघत नव्हतं. आणि दादाने दोन ओळी हात थांबवून बघितले, तेव्हा मात्र दोघे-तिघे टाळकरी वळून त्याच्याकडे बघायला लागले. काहीतरी गेलं होतं. काय ते त्यांना सांगता आलं नसतं.

मामा हसले. घरी येताना म्हणाले, 'आवाज त आला पाहिजे. माणूस नाई दिसला तरी चालते.'

दोन्ही बाजूंनी चेपलेला हौशी

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा. कोजागरीपासून सुरू होतो, कार्तिकभर चालतो. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासूनचा, त्यामुळे काकडा बिनभोंग्याचा. अंधार, कडाक्याची थंडी, कानटोप्या आणि टाळ. या वेळी मामांनी दादाच्या हातात टाळाची जोडी दिली. मी माणसं मोजली. आम्हाला धरून नऊ.

'पहिले किती असत?' मी विचारलं.

'देवळात माऊ नये इतके,' मामा म्हणाले. 'आता पोरं पुण्याले. तुह्या उंद्रीले.'

चहा पिताना चित्र हळूहळू स्पष्ट झालं. सप्ताहात आता मृदंग वाजवायला बाहेरून शिकलेली मुलं बोलावतात. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. त्या धर्तीच्या शाळांमधून तयार होणारी ही पोरं वाजवतातही झकास. मामांचीच साक्ष आहे, 'माह्यापेक्षा दहा पट चांगली.' त्यांना मानधन द्यावं लागतं, ते रास्तही आहे. आणि दुसऱ्या बाजूला वरातीचा डीजे. ट्रकवर बॉक्सची भिंत, घरातली भांडी थरथरतात, बैल दावणीला बिथरतात. खालचा सूर इतका स्वस्त आणि इतका मोठा कधीच नव्हता. फक्त तो वाजवायला माणूस लागत नाही, एक पेन ड्राइव्ह पुरतो.

म्हणजे एकीकडे प्रोफेशनल, दुसरीकडे मशीन आणि मध्ये चेपलेला हौशी. दादाच्या पुण्यातही वेगळं काय चाललंय? स्टेजवर तयारीचे, पैसे घेणारे वादक. घरी लॅपटॉपवर क्लिक केलं की बेसची तयार ओळ, न चुकणारी, सोसायटीच्या ग्रुपवर न जाणारी. वीस वर्षं वाजवूनही बऱ्यापैकीच वाजवणाऱ्या माणसाची गरज कुणाला आहे?

हा प्रश्न फक्त संगीताचा नाहीये, मित्रांनो. तुमच्यातले किती जण कॉलेजात नाटकात होते? राज्य नाट्य स्पर्धेत 'हौशी' असा स्वतंत्र विभाग असतो आणि त्यासाठी बँकेतून, शाळेतून, एमआयडीसीतून सुटून रात्री बारा-बारा वाजेपर्यंत तालमी करणारी मंडळी आजही गावोगाव आहेत. ट्रेकिंग, क्रिकेट, फोटोग्राफी... नोकरी लागली, लग्न झालं, की एकेक गोष्ट माळ्यावर जाते. 'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो. त्याचे दोन अर्थ होतात. एक, हौस इतकी मोठी की तिची किंमत करता येत नाही. दुसरा, बाजारात तिला कुणी विचारत नाही. दादा दुसऱ्या अर्थापाशी येऊन थांबला होता.

निघताना त्याने मामांना विचारलंच. 'मामा, उद्या मंडळ मोडलं तर तुम्ही काय कराल?'

मामा मृदंगाची कणीक बोटाने खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, 'मोडते कसं? एक टाळकरी आला तरी मी बसतो. दोघं झाले की भजन होते.'

परतीच्या वाटेवर

जालन्यापर्यंत दादा काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, 'आपण नेहमी पाच माणसं शोधत बसलो ना रे. ड्रमर पाहिजे, सिंगर पाहिजे, कीबोर्ड पाहिजे. दोघांत बँड होतो हे कधी डोक्यातच आलं नाही.' मी म्हटलं, दादा, तुझ्याच बिल्डिंगमध्ये कुणीतरी असेल की. तो म्हणाला, 'आठव्या मजल्यावर एक पोरगा आहे. बारावीतला. लिफ्टमध्ये गिटार घेऊन दिसतो.' विचारलंस कधी? 'नाही रे. तो म्हणेल, अंकलला काय झालं.'

मामांचा मृदंग पुढे कोण वाजवणार, याचं उत्तर आम्हाला उंद्रीत मिळालं नाही. मामांनी ते शोधायलाही घेतलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपुरती कणीक भिजवायची, एवढं त्यांचं पक्कं होतं. आपल्या करिअर प्लॅनिंगवाल्या डोक्याला हे पचायला जड जातं. पाच वर्षांनी मी कुठे असेन, हा प्रश्न एचआरच्या इंटरव्ह्यूत ठीक आहे. हौसेला तो विचारला की ती आटते. तिला विचारायचं ते एवढंच, आज रात्री कुणाबरोबर?

परवा दादाला सहज फोन केला. आठव्या मजल्यावरच्या पोराला विचारलं का? 'विचारतो रे, त्याची परीक्षा होऊ दे.' आणि विक्रीची जाहिरात? ती अजून आहे साइटवर. फक्त किंमत दुप्पट करून ठेवलीय. 'एवढ्याला कुणी घेत नाही,' दादा म्हणाला आणि मोठ्याने हसला.

कसं जाल, काय बघाल?

स्वतःच्या गाडीने पुणे - छत्रपती संभाजीनगर - जालना - देऊळगाव राजा - चिखली आणि तिथून खामगाव रस्त्याला. रेल्वेने यायचं तर शेगाव गाठा. शेगाव-खामगाव करून चिखलीच्या रस्त्याने घाट चढायचा, वाटेत उंद्री. जवळच अमडापूरला टेकडीवर बल्लाळदेवीचं देऊळ आहे. हातात दोन दिवस जास्त असतील तर लोणारचं उल्कासरोवर आणि जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात. खामगावची चांदी प्रसिद्ध, खिशाला झेपेल तेवढीच बघा. शेगावात दर्शनाबरोबर कचोरी मस्ट. उंद्रीत हॉटेल-रिसॉर्ट शोधू नका, मुक्कामाला चिखली किंवा खामगाव बरं. कार्तिकात गेलात तर पहाटे उठा. आणि कुणी हातात टाळ दिले तर 'मला येत नाही' म्हणू नका.